'इस्टेशन' म्हणालो, बिघडलं काय?

जळगावपासून शहाद्यापर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: खरं इंग्रजी एकच, लंडनचं. आपली माणसं 'इस्टेशन', 'फिलिम' म्हणून स्वतःचं हसं करून घेतात. घरात अहिराणी बोलाल तर पोरांची जीभ जड होईल. आणि शेवटी, 'इंग्रजी उच्चार हीच मुलांची खरी इस्टेट'. मला तो तीनदा आला, म्हणून हे उत्तर.

लंडनचं इंग्रजी एकच? 'थिंक'ला 'फिंक' म्हणणारे खुद्द लंडनमध्येच ढिगानं सापडतात. उत्तर इंग्लंडात 'बस' हा शब्द 'बुस'कडे झुकतो. लंडनकर 'कार'मधला र गिळतो. ग्लासगोचा माणूस तो खणखणीत म्हणतो, अमेरिकन म्हणतो आणि आमच्या पारोळ्यातही म्हणतात. बीबीसीनं १९२६ साली उच्चार ठरवायला समिती नेमली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात तिथेच यॉर्कशायरी वळणाच्या विल्फ्रेड पिकल्सनं बातम्या वाचल्या, तेव्हा नाकं मुरडली ती इंग्रज श्रोत्यांनीच. रावेरकडची बोली ऐकून धुळेकर गालात हसतो ना, त्यातलाच प्रकार.

आता 'इस्टेशन'. स आणि ट एकदम उच्चारायला जड जातात, म्हणून जीभ आधी स्वराचा टेकू घेते. स्पॅनिश माणूसही हेच करतो. त्याची शाळा म्हणजे 'एस्कुएला'. 'फिलिम'चंही तसंच: ल आणि म यांच्या मध्ये एक स्वर घुसतो. आयर्लंडमध्ये असंख्य लोक, ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे, फिल्मला 'फिलम'च म्हणतात. भुसावळच्या हमालाला हसायचं आणि डब्लिनच्या टॅक्सीवाल्याला नाही, हा कुठला न्याय? गंमत म्हणजे मेसेजवाल्याची लाडकी 'इस्टेट' याच टेकूतून जन्मली. लॅटिन 'स्टाटुस'ला जुन्या फ्रेंचांनी पुढे ए लावून 'एस्टाट' केलं आणि इंग्रजांनी ते तसंच उचललं.

अहिराणीनं जीभ जड होते म्हणे. आपल्या बोलीत पाणीचं 'पानी' होतं, आणि जळगावला 'जयगाव' म्हणणारे तर घरोघरी आहेत. म्हणजे ण आणि ळ गेले. पण इंग्रजीत ण आणि ळ आहेतच कुठे? उलट ज्या ठसठशीत 'ट'मुळे आपलं इंग्रजी देशी वाटतं, तो पुणेकराच्या तोंडातही तेवढाच ठसठशीत असतो. त्याला कुणी मराठी सोडायला सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य. काही ठिकाणी समोरच्याला खरंच कळत नाही. आपल्याकडे व एकच. इंग्रजीत 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' वेगळे. पहिल्याला ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. त्याहून मोठी अडचण आघाताची. 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्हे'वर असतो, आपण तो 'डे'वर देतो. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर सुरुवातीला, क्रियापद असेल तर शेवटी. मराठीत जोर बदलल्यानं शब्द असा बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला ही सवयच नसते. शब्दकोशात जोराची खूण दिलेली असते. माझ्या पुतणीला मी रोज पाच शब्द त्या खुणेसकट मोठ्यानं वाचायला लावतो, आणि वाचून झाल्यावर आम्ही अहिराणीतच भांडतो.