ॲसिड नको भावांनो

शनिवारी सकाळी उठून फोन बघतोय तर शाळेच्या ग्रुपवर १४३ मेसेज. मला वाटलं कोणतरी गेलं. तर तसं काय नाही, एकानं पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचा फोटो टाकलेला. पांडवदरा लेण्यांकडं उतरणाऱ्या वाटेवरचा मोठा जांभ्याचा खडक, त्यावर चंदेरी स्प्रेनं कुठल्यातरी मंडळाचं नाव, खाली बदाम, त्याखाली 'नाद खुळा'. मग भांडण. एक गट म्हणतोय परदेशात असलं कोण करत नाही, आपल्याच लोकांना अक्कल नाही. दुसरा म्हणतोय शिलाहार राजांनी दगडावर लिहिलं की शिलालेख आणि आमच्या पोरांनी लिहिलं की घाण, हे कुठलं लॉजिक? आणि शेवटी दोघांचं एकमत झालं ते तर सगळ्यात डेंजर, की रविवारी सगळ्यांनी वर जायचं, ॲसिड आणि तारेचे ब्रश घेऊन दगड चकाचक करायचा आणि येताना मिसळ.

मी लिहिलं, ॲसिड नको. लगेच उत्तर आलं, "आले एनआरआय. तिथं बसून ज्ञान देऊ नगंस."

आता देणारच. पहिलं म्हणजे परदेशात कोण करत नाही हे बंद करा राव. मी राहतो त्या अमेरिकेतल्या युटा राज्यात २०१३ साली गॉब्लिन व्हॅलीत एक कोट्यवधी वर्षांचा खडक स्काऊटच्या पोरांना घेऊन आलेल्या मोठ्या माणसांनी ढकलून पाडला, वर हसत हसत व्हिडिओ काढला. २०१६ साली इथल्याच आर्चेस नॅशनल पार्कात एका नैसर्गिक दगडी कमानीवर एवढी खोल अक्षरं कोरली की दगड घासून आणि रंग भरून ती झाकायची वेळ आली. तिकडं नॅशनल पार्कात असं केलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० डॉलरपर्यंत दंड. आपल्याकडं पन्हाळ्यासारख्या संरक्षित किल्ल्यावर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, म्हणजे कागदावर कायदा आपल्याकडंही कडकच. पन्हाळा तर २०२५ च्या जुलैत जागतिक वारशात गेला, तेव्हा ह्याच ग्रुपवर फटाके वाजले होते.

फरक कायद्यात नाही, नंतर काय करतात त्यात आहे. दोन वर्षांमागं मी युटातल्याच मोआब गावाजवळ एका ट्रेलवर सफाईला गेलेलो (गाडीनं साडेतीन तास, वाटेत पोरगी दोनदा ओकली). आमच्यातला एकजण आपल्या ट्रकमधनं तारेचा ब्रश घेऊन आला, तर रेंजर बाईनं तो हातातनं काढूनच घेतला. म्हणाली, हा वाळूचा दगड, तू घासलंस की त्याचे कण सुटणार, तिथं फिक्कट डाग पडणार, आणि पुढचा येईल तो त्याच डागावर लिहिणार, पाटी पुसून दिल्यासारखं. मग पाणी, मऊ ब्रश, परत पाणी. तीन तासात एक बदाम आणि अर्धं इंग्रजी 'J' अक्षर, एवढंच पुसलं. आणि फोटो कुणी टाकायचा नाही, कारण नाव दिसावं म्हणूनच तर लिहिलेलं असतंय. आपल्या भावानं तो फोटो आतापर्यंत पाच ग्रुपवर फिरवलाय.

जांभ्याचं तर आपल्या गवंड्यांना विचारा. खाणीतनं काढला की मऊ, कुऱ्हाडीनं तासता येतो, हवेवर राहिला की कडक होत जातो. तांबडा असतो तो लोखंडामुळं. ॲसिड त्या लोखंडालाच खातंय, आणि तारेनं वरची कडक साल काढली की आतला मऊ दगड पावसाला मोकळा. आणि कोल्हापूरचा पाऊस म्हणजे काय हे मी तुम्हाला युटातनं सांगायला नको.

शिलाहारवाल्याला मात्र माझ्याकडं उत्तर नाही. अमेरिकेतच न्यू मेक्सिकोत एल मोरो म्हणून एक कडा आहे, त्यावर १६०५ सालापासनं येणाऱ्याजाणाऱ्यांनी 'इथनं गेलो' म्हणून नावं कोरलीत. १९०६ ला सरकारनं तो कडा राखीव केला. आता जुनी नावं जपतात आणि नवीन कोरलं की गुन्हा. तिथं उभा राहून मी पोरीला हे कौतुकानं समजावत होतो तर ती म्हणाली, मग लास्ट माणूस लकी ना बाबा?

तो लास्ट माणूस डोक्यातनं जात नाही, कारण त्या ग्रुपवरच्या फोटोत अजून एक गोष्ट आहे जी कुणाला दिसलेली नाही. चंदेरी स्प्रेच्या खाली डावीकडं फिकट तांबडं काहीतरी आहे. १९९८ च्या डिसेंबरात गणपतीच्या बोर्डाचा उरलेला ऑईलपेंट घेऊन आम्ही चौघं वर गेलेलो, त्यातले दोघं आज ॲसिडची वर्गणी गोळा करतायत. तीन नावं पार गेलीत. माझ्या नावातला 'प' आणि त्याचा काना राहिलाय. खरं सांगतो, फोटो बघून पहिला राग आला तो खडकासाठी नाही, माझ्यावर कुणी लिहिलं म्हणून आला. इथं युटात लेही गावातल्या माझ्या घराच्या मेलबॉक्सवर नाव नाही, नुसता नंबर आहे.

म्हणजे ॲसिड नको हे मी जांभ्यासाठी म्हणतोय का त्या 'प'साठी, माझं मलाच कळंना झालंय. रेंजर बाईला विचारलं असतं तर तिनं पाणी आणि मऊ ब्रश हातात दिला असता, आणि सुरुवात तुझ्यापासनं कर म्हणाली असती.

ग्रुपवर आता विचारतायत, "एनआरआय, वर्गणी किती लिहू?" फोटो परत झूम करून बघितला. अजून काय लिहिलेलं नाही.