ही पिशवी कोणाची?

आम्ही क्रॉफर्ड मार्केटला लागून राहतो म्हटलं की मुंबईचे पाहुणे लगेच काजू-बदामाची यादी पाठवतात. मग परत तेच सांगत बसायचं की बाबांनो, ते 1869 चं तुमचं, आमचं वेंगुर्ल्याचं, नाव तेवढं एक. इथे काजू मिळतील, बदामाचं तिकडेच बघा.

घर जुनं, कौलारू, पडवी थेट रस्त्याला टेकलेली. सुट्टीत आलेले टुरिस्ट ‘किती हेरिटेज!’ म्हणून फोटो काढतात, त्यात दोरीवरची माझी बनियनपण हेरिटेज म्हणून पुण्यापर्यंत पोचली असणार. फोटोचं काय नाय, पण ती पडवी फक्त कागदोपत्री आमची. बुधवारी आणि रविवारी, म्हणजे मच्छीच्या वारी, सकाळी आठपासून सुरू होतं, ‘काकीनू, वायच पिशवी ठेवतंय हां, आत्ता येतंय.’ हे ‘आत्ता’ म्हणजे भाजी, मासे, बँक, टेलर, आणि वाटेत माहेरचं कोण भेटलं तर तेपण धरून. नारळ, केरसुण्या, शेवग्याच्या शेंगा, एकदा तर जिवंत कोंबडा, सगळं आमच्या खांबाला. विमानतळावर याचे पैसे घेतात. आमच्याकडे वर पाणी द्यावं लागतं, आणि पाण्याबरोबर गूळ नसला तर तोंडपण बघावं लागतं.

तर गेल्या महिन्यातला रविवार. दुपारी मार्केट पांगलं, सगळे आपापल्या पिशव्या घेऊन गेले आणि एक उरली. नायलॉनची, निळ्या पट्ट्यांची, एक बंद तुटून सुतळीने बांधलेला. आत आठ बांगडे. ताजे होते हे मान्य करायला हवं, डोळे चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खळगा पडत नव्हता. (किती वेळा दाबून बघितलं ते विचारू नका.) गल्लीत दोनदा हाळी घातली, समोरच्या दुकानात विचारलं, बायकोने स्टेटसला फोटो टाकला त्यावर सतरा जणांनी नुसते हसरे चेहरे पाठवले. मालक कोण नाय. चार वाजेपर्यंत दारात पाच मांजरं, त्यातली दोन मी जन्मात बघितली नव्हती.

खरी पंचाईत म्हणजे उद्या सोमवार. सोमवारी आई घरात मासा सोडा, माशाचं नाव काढू देत नाय, फ्रीजमध्ये ठेवायचा तर प्रश्नच नाय. म्हणजे आज खाल्ले तर पाप, नाय खाल्ले तर फुकट. घरात तासभर चर्चा झाली. शेवटी आईनेच निकाल दिला, ‘परक्याचो मासो आसा, सोलां वायच जास्त घाल.’ सोलांचा आणि पापाचा काय संबंध ते मी विचारलं नाय, विचारून तिचा विचार बदलला असता तर काय घ्या. तिरफळं घालून आमटी झाली आणि आठपैकी एकही दुसऱ्या दिवसावर गेला नाय.

बुधवारी ती आली. दारातूनच, ‘रविवारी माझी पिशवी ऱ्हवली.’ मी घसा खाकरला, बांगड्यांचं कसं सांगावं याची जुळवाजुळव करतोय तोवर तीच म्हणाली, ‘बांगडे खाल्ल्यात तर खाल्ल्यात, टिकणारे थोडेच होते ते. पिशवी खंय?’

आता आली का पंचाईत. आमच्या गावात कचऱ्याच्या बाबतीत हयगय नाय, ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, हे बघायला बाहेरगावची माणसं येतात. पिशवीला वास मारत होता म्हणून बायकोने सोमवारी सकाळीच ती धुवून शिस्तीत प्लास्टिकमध्ये दिली होती. आणि ते प्लास्टिक कुटून डांबरात घालतात, त्याचे रस्ते होतात, हे मी मोठ्या अभिमानाने बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

‘म्हणजे माझी पिशवी आता रस्त्यात घालतले?’

‘हो.’

‘खंयच्या?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायकोने मुकाट आतून साडीच्या दुकानातली जाड कापडी पिशवी आणून दिली, नवी कोरी, तिची स्वतःची आवडती. बाईंनी दोन्ही बंद ओढून बघितले आणि मगच घेतली.

आता दर बुधवारी तीच पिशवी आमच्या खांबाला असते. ठेवायच्या आधी बाई तोंड उघडून मला आतले बांगडे मोजून दाखवतात, ‘सात आसत, बघून घेवा.’ आणि आतून आई विचारते, ‘ताजे आसत काय गो?’