लोंबकळणं नव्हे, मांड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्हिक्टोरियन बायकांच्या घोडेस्वारीवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "अभ्यास न करता लिहायची फॅशनच झालीय. सालही चुकलंय. एका बाजूला पाय सोडून बाई घोड्यावर नुसती लोंबकळते. इसाबेला बर्डनं तसं बसणंच सोडलं. आणि नोकरांचं काय?"

साल चुकलं, मान्य. बर्ड ही इंग्रज प्रवासी-लेखिका; ती लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीची, म्हणजे भूगोल-संस्थेची, फेलो झाली १८९२ साली, १८९३ नव्हे. दुरुस्त केलंय.

पण ‘अभ्यास न करता’? जुनी खोगिरं उसवून शिवण्यात माझी अकरा वर्षं गेलीत. हा सूर समोरासमोर लावला असतात का?

आता ‘लोंबकळते’. बायकांच्या या एकबाजू खोगिराला डावीकडे दोन शिंगं, म्हणजे वाकडे खुंट, असतात. वरच्यावरून उजवी मांडी टाकायची. खालचं, १८३० च्या सुमारास आलेलं, डाव्या मांडीवर वाकलेलं असतं. मांडी आणि शिंग यांत तळहात आडवा मावेल इतकीच रिकीब (पाय ठेवायची कडी) लांब ठेवायची. घोडा उधळला की उजवी मांडी खाली दाबायची, डावी टाच वर उचलायची. कात्रीसारखी पकड बसते. याच पकडीवर बायका कुंपणं ओलांडत. लोंबकळते ती रिकिबीत भार टाकणारी. तिचं खोगीर डावीकडे सरकतं आणि घोड्याची पाठ सोलते. दोष बसणारीचा.

खरा धोका घागऱ्याचा. पडताना तो शिंगात अडके आणि बाई फरफटत जाई. नंतरच्या काळात, अडकला तर सुटून येणारे घागरे निघाले. (नऊवारीचा कासोटा घालून मांड ठोकणारीला ही भानगडच नव्हती.)

बर्डचं म्हणाल, तर १८५० मध्ये तिच्या कण्याजवळची गाठ कापून काढली होती. पाठ आधीच दुखरी. १८७३ मध्ये हवाईत मेक्सिकन खोगिरावर दोन्हीकडे पाय टाकून बसल्यावर तिला आराम पडला. तरी त्याच वर्षी डेन्वर शहरातून जाताना ती पुन्हा एका बाजूला बसली, पाठ ठणकेपर्यंत. लोकलाजेचा मुद्दा तिथे येतो खरा, पण तो आपण मांडलाच नाहीत.

नोकरांचा विषय वेगळा. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, हातांची ओंजळ करून बाईंचा डावा पाय उचलून धरी, एवढं लेखात आहे. तिसरा परिच्छेद. वाचला असतात तर दिसलं असतं.