‘पीपिंग टॉम’वरचे चार आरोप

पुण्यातल्या सिनेमावेड्यांच्या गटांत एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. ब्रिटिश दिग्दर्शक मायकल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ (१९६०) म्हणजे हिचकॉकच्या ‘सायको’ची रंगीत नक्कल, नुसता रक्तपात, प्रेक्षकाला खुन्याच्या पंगतीला बसवणारा आणि दिग्दर्शकाला कायमचा घरी बसवणारा सिनेमा, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. शेवटचा आरोप अर्धामुर्धा खरा आहे. बाकीचे सिनेमा न बघताच केलेले दिसतात.

नक्कल म्हणायची तर तारखा बघा. ‘पीपिंग टॉम’ लंडनमध्ये एप्रिल १९६० मध्ये लागला, ‘सायको’ न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षी जूनमध्ये. विषय संपला.

आता रक्त. (सिनेमा पाहिला नसेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडून पुढे जा.) सिनेमातला खुनी मार्क लुईस स्टुडिओत फोकस पुलर (चित्रीकरणात कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा) आहे आणि फावल्या वेळात १६ मिमीच्या कॅमेऱ्याने बायकांचं मरण टिपतो. ट्रायपॉडच्या एका पायात पातं दडवलेलं आहे. तो पाय आडवा उचलून मार्क पुढे सरकतो. पण पातं बळीच्या गळ्यात शिरताना एकदाही दिसत नाही; दिसतो तो चेहरा, आणि तिथेच कट. पोलीस बुचकळ्यात पडतात ते त्या चेहऱ्यांवरच्या भीतीने, कारण नुसतं पातं बघून माणूस इतका भेदरत नाही. त्या भीतीचं कारण शेवटाकडे कळतं: कॅमेऱ्यावर आरसा बसवलेला आहे आणि मरणारी बाई स्वतःचाच घाबरलेला चेहरा बघत असते. पटकथाकार लिओ मार्क्स युद्धकाळात ब्रिटिश गुप्तहेरांसाठी सांकेतिक लिपी तयार करायचा. महत्त्वाचा दुवा शेवटपर्यंत दाबून ठेवणं त्याला बरोबर जमलंय.

तिसरा आरोप जरा गंभीर आहे. पहिला खून आपण व्ह्यूफाइंडरमधून, मधल्या फुलीसकट बघतो, हे खरं. पण लगेच श्रेयनामावलीखाली तोच तुकडा कृष्णधवल होऊन पडद्यावर येतो आणि समोर मार्क बसलेला असतो, पाठमोरा. म्हणजे आपण कुठे बसलोय हे सिनेमा पाचेक मिनिटांतच दाखवून देतो. ही खुन्याची तरफदारी नव्हे. शिवाय मार्कला खरी ओळखते ती खालच्या मजल्यावरची आंधळी मिसेस स्टीफन्स. तो तिच्यावर कॅमेरा रोखतो, पण पुढे जाऊ शकत नाही. जिला आरसा दिसत नाही तिच्यापुढे त्याचं यंत्र निकामी. आणि लहानग्या मार्कला भीती घालून त्याचं चित्रण करणारा बाप कोणी केलाय? खुद्द पॉवेलने. मुलाच्या भूमिकेत त्याचाच मुलगा कोलंबा. आरोप करणाऱ्यांच्या आधी दिग्दर्शकाने स्वतःलाच पिंजऱ्यात उभं केलंय.

राहिला करिअरचा मुद्दा. ‘ट्रिब्यून’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या समीक्षकाने सिनेमा गटारात सोडायच्या लायकीचा ठरवला, सिनेमा थिएटरांतून पटकन उतरला आणि ब्रिटनमध्ये पॉवेलला पैसा मिळणं अवघड झालं, इथपर्यंत ठीक. पण १९६१ मध्ये त्याचा ‘द क्वीन्स गार्ड्स’ आला. ऑस्ट्रेलियात १९६६ चा ‘दे आर अ वीअर्ड मॉब’ जोरात चालला. १९६९ च्या ‘एज ऑफ कन्सेंट’मध्ये त्याने तरुण हेलन मिरेनला मोठी भूमिका दिली. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने १९७९ मध्ये ‘पीपिंग टॉम’ न्यूयॉर्क महोत्सवातून पुन्हा लोकांसमोर आणला, त्याआधीची ही कामं आहेत. ‘कायमचा घरी’ कुठे बसला?

बघायचाच तर २०२३ ची दुरुस्त केलेली प्रत मिळवा आणि मोबाईलवर बघू नका. छायालेखक ऑटो हेलरचे ईस्टमनकलर फिल्मवरचे लालभडक रंग तिथे नुसते बटबटीत वाटतात, आणि शेवटी ध्वनिफितीवर येणारे लहान मुलाचे आवाज हेडफोनशिवाय हातचे जातात.