वजनाआधी सांधा बघा

रायफलची हँडगार्ड रेल (नळीभोवतीचं, हात धरायचं आणि लेझरसारख्या वस्तू लावायचं आवरण) जितकी हलकी तितकी चांगली, हा लेखातला सल्ला मला मुळीच पटला नाही. भोसरी एमआयडीसीत 22 वर्षं अ‍ॅल्युमिनियमचं मशिनिंग करतोय, म्हणून राहवत नाही. 6061-टी6 हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू बहुतेकांना पुरतो. 7075-टी6 या दुसऱ्या मिश्रधातूची ताकद जवळपास दुप्पट, पण तो महाग आणि गंजायलाही जरा लवकर.

खरी गोम बॅरल नटपाशी, म्हणजे नळी रायफलला घट्ट बसवणाऱ्या नटपाशी आहे; रेलही तिथेच बसते. फ्री-फ्लोट रेल नळीला कुठेच टेकत नाही, सगळा भार त्या एका सांध्यावर. तिथली पकड लांब हवी आणि रेल फिरू नये म्हणून अटकाव हवा. नाहीतर स्क्रू सैल पडला की रेल केसभर फिरते आणि तिच्यावरच्या लेझरचा नेम जातो.

हार्ड अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवर चढवलेला कडक ऑक्साइडचा थर) तपासताना खाचांच्या कडांवरून नख फिरवा. धारदार कोपऱ्यावर थर नीट धरत नाही, तिथूनच उडतो. धारदार कडा घासून बोथट न करता पाठवलेला आमचा एक अख्खा लॉट (रेलचा नव्हे, ब्रॅकेटचा) असाच परत आला होता. पिकॅटिनी (ठरावीक मापाच्या आडव्या खाचांची रेल) असेल तर व्हर्नियर लावा: खाचेची रुंदी 5.23 मिमी, एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत 10.01 मिमी. तिथे फरक दिसला तर घेऊच नका.