नेक्स्ट दाबलं की भलत्याच थ्रेडमध्ये!

सकाळपासून एकच टेस्ट अकरा वेळा चालवली. आठ वेळा बरोबर, तीन वेळा बोंब. आणि एक्सेल शीटमध्ये रकाना एकच, पास नाहीतर फेल. आता यात काय भरू, माझं कपाळ?

झालंय असं की ऑफिसात नवीन टूलचेन (प्रोग्राम बनवायच्या अवजारांचा संच) आलंय आणि त्यातला जीडीबी, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावू देणारा डीबगर, मल्टिथ्रेडेड प्रोग्राम (ज्यात अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, एकाच वेळी चालतात) नीट हाताळतो का, हे तपासायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. मॅनेजर म्हणाला, "अरे, दोन तासांचं काम आहे. ब्रेकपॉइंट लाव, बघ, टिक मार." आज चौथा दिवस. डोंबिवलीहून लोंबकळत घाटकोपर, तिथून मेट्रोत चेंगरून अंधेरी, आणि इथे येऊन काय, तर नेक्स्ट दाबायचं आणि शिव्या घालायच्या.

म्हणजे बघा. एका फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे प्रोग्रामने इथे थांबावं अशी खूण केली. थांबला. शहाण्यासारखा नेक्स्ट दाबला, पुढची ओळ यावी म्हणून. येते? छे! खाली उगवतं 'स्विचिंग टू थ्रेड' आणि मी दुसऱ्याच थ्रेडमध्ये. कारण मी एक ओळ पुढे सरकेपर्यंत बाकीचे थ्रेडही मोकाट सुटतात, आणि त्यातला एखादा त्याच ब्रेकपॉइंटवर येऊन आपटतो. डीफॉल्टच तसं आहे. मी व्हेरिएबलची किंमत बघतोय, ती चुकीची दिसतेय, दहा मिनिटं डोकं खाजवतोय, आणि मग कळतं की हा तो थ्रेडच नाही. सीएसटीची गाडी समजून चढावं आणि कल्याणला उतरावं, तसं.

यावर उपाय आहे म्हणतात. शेड्युलर-लॉकिंग ऑन करा, मग फक्त हातातला थ्रेड चालतो, बाकीचे गोठतात. केलं. दोन ओळी झकास गेल्या. तिसऱ्या ओळीला म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं लॉक. तो म्युटेक्स कोणाकडे? गोठलेल्या थ्रेडकडे! तो सोडणार कसा, त्याला मीच बांधून ठेवलाय. बसा आता. मी चहा पिऊन आलो तरी प्रॉम्प्ट आला नव्हता. शेवटी कंट्रोल-सी.

आणि मुख्य गंमत पुढेच. मुद्दाम चुकीचा प्रोग्राम लिहिला होता: दोन थ्रेड, एक काउंटर, प्रत्येकाने १० लाख वेळा एक मिळवायचा, लॉक नाही. दोघे एकमेकांची बेरीज पुसत राहतात, म्हणून उत्तर २० लाखांहून कमी यायला हवं, दर वेळी वेगळं. पहिल्यांदा ओ-टू (कंपाइलरने प्रोग्राम वेगवान करावा हा पर्याय) लावून कंपाइल केला तर चक्क २० लाख! मला वाटलं चमत्कार. मग समजलं, कंपाइलरने अख्खा लूप गिळून त्याची एकच बेरीज केली होती. (तो वेगळा वैताग, त्यावर नंतर कधीतरी.) ओ-झीरो (ती हुशारी बंद) लावल्यावर आकडा गडगडला, म्हणजे पाहिजे तसा बिघडला. डीबगरमध्ये घेतला, लॉकिंग लावून एक थ्रेड पळवला, तो संपल्यावर दुसरा. उत्तर? बरोब्बर २० लाख. बग गायब! प्लॅटफॉर्मवर टीसीचा काळा कोट दिसला की विदाउट तिकीटवाले कसे जिन्याआड विरघळतात, अगदी तस्सं. टीसी पुढे गेला की पुन्हा सगळे हजर. यालाच हायझेनबग म्हणतात म्हणे. म्हणा काहीही, मला तो पकडून दाखवा!

त्यात आमच्या खऱ्या प्रोग्राममध्ये एक वॉचडॉग थ्रेड आहे. पाच सेकंदांत हालचाल दिसली नाही की तो प्रोग्राम मारून टाकतो. डीबगर सगळे थ्रेड थांबवतो, पण घड्याळ थोडंच थांबवतो? मी एक व्हेरिएबल बघून कंटिन्यू दाबेपर्यंत वॉचडॉग जागा होतो, बघतो की बराच वेळ गेलाय, आणि खेळ खलास. शेवटी वॉचडॉग बंद करून टेस्ट केली. म्हणजे ज्या प्रोग्रामची टेस्ट करायची, तो हा उरलाच नाही.

खोटं कशाला बोलू, डेडलॉकला हे यंत्र सोनं आहे. दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसले होते. चालू प्रोसेसला जोडलं, 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' (प्रत्येक थ्रेड कुठे आहे ते दाखव) दिलं आणि दोघेही लॉकपाशी रंगेहाथ सापडले. का? कारण ते आधीच मेल्यासारखे पडले होते. जे हलतच नाही ते पकडण्यात कसला आलाय पराक्रम?

एक फुटकळ दुःख. थ्रेड ओळखता यावेत म्हणून त्यांना नावं द्यायला गेलो. दादर बसलं. डोंबिवली नाही बसलं. लिनक्समध्ये थ्रेडच्या नावाला १५ बाइट्स, आणि देवनागरीचं एकेक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, सगळे तीन-तीन बाइट्स खातात. डोंबिवलीचे होतात २४. आम्हाला गाडीत जागा नाही, तशी थ्रेडमध्येही नाही!

१९९७ साली मंगळावरच्या पाथफाइंडर यानाचा कॉम्प्युटर सारखा रीसेट होत होता. तिथेही भानगड म्युटेक्सचीच. नासाच्या लोकांनी पृथ्वीवरच्या जोडयंत्रावर ट्रेस (घडामोडींची नोंद) घेऊन ती शोधली आणि दुरुस्तीही इथूनच पाठवली. थांबवून नाही, नोंद करून. तसंच नोंद करणारं, मोझिलात जन्मलेलं आरआर नावाचं डीबगर आहे, तेच मागितलं मी. त्याला प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर (आत काय किती वेळा घडलं ते मोजणारे) लागतात आणि आम्हाला दिलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ते बंद आहेत. आयटीवाल्यांना तिकीट टाकलं, तर उत्तर आलं, "बिझनेस जस्टिफिकेशन द्या." च्यायला, मंगळावरचा बग सापडतो आणि अंधेरीतला नाही!

साडेसहाला मॅनेजर टेबलापाशी. "झालं का रे?" म्हटलं, "सर, अकरापैकी आठ वेळा चाललं." म्हणे, "ते ठीक आहे रे, पण शीटमध्ये काय टाकलंस?" मी त्याच्यासमोर रकान्यात 'कधी पास, कधी फेल' असं टाइप केलं आणि एंटर मारला. एक्सेलने नाकारलं. ड्रॉपडाउन लावलाय तिथे.