लक्झरी सेडानच्या त्या मेसेजमधले सहा सल्ले, आणि ते का पाळू नयेत

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. जर्मन लक्झरी सेडान मुळातच भक्कम असते, दरवर्षीचं सर्व्हिसिंग म्हणजे शोरूमवाल्यांची कमाई, असा त्याचा सूर. खाली पैसे वाचवायचे सहा सल्ले. पुण्यात हल्ली सात-आठ वर्षं वापरलेली मोठी सेडान नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळते, आणि ती पहिल्यांदाच घेणारी माणसं असे मेसेज मनावर घेतात. आमच्या सोसायटीत दोघांनी घेतलाच. मी सहकारनगरला राहतो. माझी डिझेल सेडान सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतलेली आहे आणि तिच्या दुखण्यांशी माझी चांगली ओळख आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मेसेजची सुरुवात पुराव्याने होते: नव्वदच्या दशकातल्या मर्सिडीज आजही धावतात, तेव्हा आजच्या गाडीची काळजी कशाला? 1995 मध्ये पिंपरीला टेल्कोच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागलेली ती ई-क्लास पुणेकरांच्या जिव्हाळ्याची आहे, माझ्याही. पण तिच्या डिझेल इंजिनाला काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी नव्हती, धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या अ‍ॅडब्लू द्रावणाची टाकी नव्हती, आणि गालिच्याखाली संगणकाचे डबे दडवलेले नव्हते. शिवाय त्या पिढीतल्या ज्या गाड्या आज दिसतात, त्या कुणीतरी जपल्या म्हणून दिसतात. न जपलेल्या केव्हाच भंगारात गेल्या, त्या मोजायला कोण जातं?

पुढचा सल्ला इंजिन ऑइलचा. पंधरा हजार किलोमीटर भरले की बदला, वर्षाचा हिशेब सोडा, असं म्हटलंय. पुस्तिकेत मात्र किलोमीटर किंवा काळ, जे आधी येईल ते, असं असतं. कोथरूड ते स्वारगेट ऑफिस आणि रविवारी मंडई, एवढीच धाव असलेली गाडी वर्षाला पाच हजारही भरत नाही. मेसेज ऐकला तर ऑइल तीन वर्षं चेंबरमध्ये पडून राहणार. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमधली वाफ आणि इंधन उडून जात नाही. डबा घेतानाही नुसता फाइव्ह डब्ल्यू थर्टी हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा बघू नका. त्यावर तुमच्या गाडीच्या कंपनीची मान्यता छापलेली हवी. डीपीएफवाल्या इंजिनाला कमी राख करणारं ऑइल लागतं, कारण काजळी जळून जाते पण राख जाळीतच साठत राहते.

तिसरा सल्ला ऐकून मी स्वतः फसलो होतो, म्हणून इथे जरा थांबतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभरासाठी असतं, त्याला हात लावू नका, असा तो सल्ला. हे खोटं पसरवणाऱ्यांना दोष देणंही अवघड आहे, कारण काही कार कंपन्यांनीच ‘लाइफटाइम’ हा शब्द वापरलाय. पण आयुष्य कुणाचं? बीएमडब्ल्यू आणि जॅग्वारच्या कितीतरी सेडानमध्ये झेडएफचा आठ गिअरचा गिअरबॉक्स असतो. तो बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा 8 वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. आतल्या क्लचचं झिजलेलं बारीक द्रव्य ऑइलमध्ये मिसळतं, उष्णतेने ऑइलचा कस जातो, मग दुसऱ्यातून तिसऱ्यात पडताना गाडी झटका मारते. माझी 95,000 ला मारायला लागली. ‘लाइफटाइम आहे, सॉफ्टवेअर अपडेट करू’ असं एका गॅरेजने सांगितलं, मी वर्षभर तेच ऐकत बसलो. शेवटी दुसरीकडे ऑइल आणि फिल्टर बदलला. झटका बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. ते वर्ष मला परत मिळणार नाही. आणि हे काम करवून घेताना एक गोष्ट विचारा: ऑइलची पातळी गिअरबॉक्स ठरावीक तापमानाला आणून तपासणार ना? अंदाजपंचे भरणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

डीपीएफचा दिवा लागला तर दुर्लक्ष करा, फारच झालं तर ती जाळी कापून काढा, हा चौथा. दुर्लक्षाचा परिणाम आधी बघू. जाळीत काजळी साठली की गाडी ती साधारण 600 अंशांवर जाळते, आणि त्यासाठी तिला काही मिनिटं सलग धाव लागते. सिंहगड रस्त्याच्या सिग्नलांत ती मिळत नाही. गाडी जाळायला सुरुवात करते, आपण पार्किंगमध्ये येऊन इंजिन बंद करतो. असं पुन्हा पुन्हा झालं की त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं, म्हणजे वरचं ऑइलचं दुखणं इथूनही येतं. दिवा नुसता पिवळा असेल तर कात्रजचा बोगदा ओलांडून सातारा रस्त्याला वीसेक मिनिटं एका वेगात चालवा, बहुतेकदा विझतो. विझला नाही तर गॅरेज. जाळी कापणं हा प्रदूषण नियमांचा भंग आहे, आणि मागच्या रिक्षातल्या माणसाच्या छातीत आपली काजळी घालायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही. अ‍ॅडब्लूत पाणी मिसळायचा सल्लाही त्याच ओळीत आहे. ते 32.5 टक्के युरियाचं मोजून केलेलं द्रावण असतं. पाण्याने प्रमाण बिघडतं आणि नळाच्या पाण्यातले क्षार इंजेक्टर बुजवतात.

पाचवा: ब्रेक ऑइल आणि इंजिन थंड ठेवणारं कुलंट कधीच बदलायचं नाही, कमी झालं तर नळाचं पाणी. कुलंटचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर येतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. शिवाय कुलंट कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळतंय. या गाड्यांची कुलंटची टाकी आणि थर्मोस्टॅटचं आवरण प्लास्टिकचं असतं, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतं. पाणी ओतत राहणं म्हणजे ती तड झाकणं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट फोर दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. पसरणी घाटात पावणेदोन-दोन टनांची गाडी सारखा ब्रेक दाबत उतरवली तर ऑइल तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं हे ऑइल आणि त्याची मजुरी या गाडीच्या खर्चात अगदी किरकोळ आहे. यावर कुणी पैसे वाचवले की मला मनापासून राग येतो, कारण मागच्या सीटवर बहुतेकदा मुलं असतात.

आता मेसेजचं एक बरोबर. शोरूममध्ये इंजिन फ्लश, एसीचा स्प्रे, डिझेलमध्ये घालायच्या बाटल्या असं न मागता बिलात चढवलं जातं. ते नाकारा. वॉरंटी संपल्यावर चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये जायलाही काहीच हरकत नाही. पण न लागणारं नाकारणं आणि लागणारं टाळणं यांत फरक आहे, आणि मेसेजने नेमका तोच पुसलाय.

शेवटचा सल्ला सगळ्यांत घातक. गाडी जड आहे, पाण्यातून बिनधास्त काढा, बंद पडली तर लगेच परत सेल मारा. नका मारू. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आमच्या भागात घुसलं तेव्हा शेजारच्या काकांची सेडान नुसती उभी होती. सकाळी चिखल पुसून त्यांनी स्टार्टचं बटण दाबलं, एक ठोका ऐकू आला आणि सगळं थांबलं. पाणी शिरल्यावर गाडी सुरू करायला गेल्याने झालेलं इंजिनाचं नुकसान पॉलिसीत बसत नाही, असं विमा कंपनीने कळवलं. इंजिनाचं वेगळं संरक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. जुलै 2024 मध्ये खडकवासल्याचं पाणी एकता नगरीत शिरलं, तेव्हाही पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या.

चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलेलं असेल तर बटणाला हात लावू नका. जमलं तर बॅटरीची वायर काढा. बऱ्याच सेडानमध्ये बॅटरी डिक्कीत असते, हे आधीच बघून ठेवा. फोटो काढा, विम्याला कळवा आणि टो व्हॅन बोलवा, चारही चाकं उचलणारी. जून लागण्याआधी विम्यात इंजिनाचं कलम आहे का तेही बघा. आणि गाडी गुलमोहराखाली लावत असाल तर सनरूफच्या कोपऱ्यांतली पाण्याची भोकं मोकळी करून घ्या. पाकळ्यांनी ती बुजली की पाणी आत गालिच्याखाली उतरतं, तिथेच त्या संगणकांच्या डब्यांपाशी.